अतिपरिचय कीं अर्धपरिचय?

‘फॅमिलिॲरिटी ब्रीड्स कंटेम्प्ट’ ही इंग्रजी म्हण सुशिक्षित घरांतून वारंवार ऐकूं येते. सलगीनें अनादर उपजतो, हा तिचा आशय. इसापाच्या गोष्टींतला कोल्हा सिंहाला प्रथम पाहून गर्भगळित होतो. तिसऱ्या भेटींत मात्र खुशाल गप्पा मारूं लागतो. ‘अतिपरिचयात् अवज्ञा’ सांगणाऱ्या आपल्या सुभाषितकारानें मलयपर्वतावरील भिल्लिणीचा दाखला दिला आहे. ती चंदन सरपण म्हणून जाळते. दोहोंच्या उपयोगांत मात्र भेद आहे. इंग्रजी म्हण बहुधा माणसांत अंतर राखण्याचा इशारा देते. आपलें वचन हातचें मोल विसरणाराला टोंचते.

मालवणच्या किनाऱ्यावर या वचनाचा प्रत्यय येतो. सन १६६४ मध्यें शिवछत्रपतींनीं कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचें काम आरंभिलें. आंत राजाराम महाराजांनीं उभारलेलें शिवराजेश्वराचें मंदिर आहे, चुन्यांत उमटलेला महाराजांच्या हाताचा ठसा आहे, आणि खाऱ्या पाण्याच्या वेढ्यांत गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. दूरदूरचे लोक हें पाहावयास येतात. रोज तट दिसणाराला मात्र पाहुणे आल्यावरच होडीची आठवण होते! सन २०२५ मध्यें युनेस्कोनें जागतिक वारसा म्हणून गौरविलेल्या बारा मराठा किल्ल्यांत सिंधुदुर्गाची गणना झाली. गौरव दुरून आला म्हणजे आपले डोळे उघडतात.

परंतु त्याच किनाऱ्यावर उलट दाखलाही आहे. गाबीत बांधवांइतका समुद्राचा परिचय कोणाला असणार? पिढ्यानपिढ्या ते त्याच्या अंगावर वाढले. तरीही नारळीपौर्णिमेस ते हात जोडून त्याला नारळ अर्पण करतात. वारा, भरती, उधाण हीं ज्याला खरोखर कळलीं, तो समुद्राची अवज्ञा करीत नाहीं. भिल्लिणीला चंदनाचें जळण ठाऊक होतें, मोल नव्हतें. म्हणून दोष परिचयाच्या अतिरेकाचा नसून त्याच्या अपुरेपणाचा आहे, असें आम्हांस वाटतें.

एकत्र कुटुंबांत हें विशेष ध्यानांत ठेवावें. पाहुण्याशीं अदबीनें बोलणारी आपली जीभ, पहांटेपासून राबणाऱ्या वहिनीशीं बोलतांना दोन गोड शब्दांनाही महाग होते. तिचा स्वयंपाक आपणांस पुरता ठाऊक असतो. तिच्या मनांतलें कधीं विचारलेलें असतें काय? तें आजच विचारावें.