जात्याची मोहरी आणि शेताची मोहरी

लोणच्यासाठी मोहरी फेसताना नाकात जाणारी झणझण आपल्या ओळखीची आहे. फ्रान्समधली माणसे याच झणझणीसाठी मोहरीचे वाटण करून मांसाबरोबर तोंडी लावतात. बर्गंडी भागातील दिजाँ शहर त्यासाठी प्रसिद्ध. तेथून सुमारे ४० किलोमीटरवरच्या बोन गावी १८४० साली मोहरी वाटण्याचा एक कारखाना निघाला. १९२८ मध्ये तो एदमाँ फालो यांच्याकडे आला आणि आजही त्यांच्याच घराण्यात आहे.

या कारखान्याने दगडी जाते सोडले नाही. का म्हणाल, तर दगड सावकाश फिरतो आणि वाटण तापत नाही. अख्ख्या दाण्यात झणझण नसते. दाणा फुटून ओला झाला की त्यातली दोन द्रव्ये एकत्र येतात आणि मग ती तयार होते. फार उष्णता लागली की त्यांतले एक निकामी होते. म्हणून तर फोडणीतली मोहरी नाकात जात नाही! शिक्षकांनी हे वर्गात दाखवावे. मोहरीची पूड एका वाटीत गार पाण्यात व दुसरीत उकळत्या पाण्यात कालवावी आणि दहा मिनिटांनी मुलांना वास घेऊ द्यावा.

जाते राहिले, पण शेत गेले. पूर्वी बर्गंडीत कोळसा पाडणारे लोक भट्टीच्या जागी मोहरी पेरीत. तिथली राख पिकाला मानवे. तो धंदा बसला, शेतकरी दुसऱ्या पिकांकडे वळले आणि दाणा कॅनडाहून येऊ लागला. दिजाँचे नाव मात्र बरणीवर राहिले, कारण १९३७ च्या नियमाने ते नाव कृतीचे ठरले होते, गावाचे नव्हे.

१९९० नंतर शेतकरी, संशोधक आणि कारखानदार एकत्र आले. फालोही त्यांत होते. त्यांनी मोहरी पुन्हा बर्गंडीच्या मातीत रुजवली. २००९ मध्ये ‘बर्गंडीची मोहरी’ या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले. दाणा तिथलाच हवा, त्यात घालायची पांढरी वाइनही तिथलीच हवी, अशी अट पडली.

पुढे २०२१ मध्ये कॅनडात दुष्काळ पडला आणि २०२२ मध्ये फ्रान्सच्या दुकानांत मोहरीच्या बरण्या मिळेनात. तेव्हा कुठे सर्वांना शेताची आठवण झाली आणि बर्गंडीतला पेरा झपाट्याने वाढला. कसब जात्यात टिकते खरे. पण जात्यात घालायला दाणा लागतो, आणि तो शेतातच पिकावा लागतो.