"ईसीएम गेलाय" म्हणण्याआधी दोन वायरी तपासा



आजचा संदेश पिकावर नाही, पिकाला मार्केट दाखवणाऱ्या गाडीवर आहे. जरा लांब आहे. सेव्ह करून ठेवा आणि सवडीनं वाचा. गाडीवर ड्रायव्हर असेल तर त्यालाही पाठवा.

पिकअपमध्ये टोमॅटोचे क्रेट भरून झालेत, पहाटेच्या आत मार्केट गाठायचंय, आणि चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर एकदम चार-पाच दिवे लागतात. स्पीडचा काटा हलत नाही. गाडी कशीबशी सुरू होते पण उचलत नाही, किंवा सेल्फच घेत नाही. गॅरेजवाला स्कॅनर लावतो, स्क्रीनकडे बघतो आणि म्हणतो, "कम्युनिकेशन एरर आहे. ईसीएम गेलाय, बदलावा लागेल."

या वाक्यावर लगेच मान हलवू नका. ईसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, आणि त्याची किंमत हजारांच्या घरात असते. नवा आणला तरी त्यात गाडीचं प्रोग्रॅमिंग करावं लागतं, चावी जुळवावी लागते. आणि मूळ बिघाड वायरीत किंवा अर्थिंगमध्ये असेल तर नवा ईसीएमही तोच एरर दाखवतो. इलेक्ट्रिकल पार्ट दुकानदार बहुधा परत घेत नाहीत. पैसे गेले, गाडी उभी, माल क्रेटमध्येच.

*हा एरर नेमकं काय सांगतो?*

आजच्या पिकअपमध्ये एकच कॉम्प्युटर नसतो. इंजिनचा वेगळा, ब्रेकच्या एबीएसचा वेगळा, डॅशबोर्डच्या मीटरचा वेगळा, चावी ओळखणारा वेगळा. डीईएफ म्हणजे युरियाचं पाणी लागणाऱ्या गाडीत सायलेन्सरजवळच्या नॉक्स सेन्सरलाही स्वतःचा छोटा डबा असतो. हे सगळे डबे एकमेकांना पीळ घातलेल्या दोन बारीक वायरींवरून बोलतात. या पद्धतीला 'कॅन' म्हणतात. बॉश कंपनीनं ती १९८६ मध्ये जगापुढे आणली. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि छोट्या मालवाहू गाड्यांतही या डब्यांचं काम वाढलं. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना ट्रेम-४ नियम लागला, तेव्हा इलेक्ट्रॉनिक इंजिन ट्रॅक्टरमध्येही आलं. त्यामुळे ट्रॅक्टरवाल्यांनीही पुढचं वाचा.

हे बोलणं मोबाईलवरच्या ग्रुप कॉलसारखं चालतं. सगळे एकाच लाईनवर असतात. एबीएसचा डबा म्हणतो, "चाक एवढ्या वेगानं फिरतंय." ज्याला गरज आहे तो ऐकतो. बऱ्याच गाड्यांत स्पीडचा काटा याच निरोपावर चालतो. म्हणून एबीएस गप्प झालं की काटाही मरतो. काटा बिघडलेला नसतो, त्याला निरोप मिळत नसतो.

स्कॅनरवर कोडचं पहिलं अक्षर बघा. इंग्रजी 'पी' असेल तर तक्रार इंजिन-गिअरची, 'सी' असेल तर ब्रेक-स्टिअरिंगची, 'बी' असेल तर केबिनची. 'यू' असेल तर तक्रार बोलण्याची. यू-०१०० म्हणजे इंजिनच्या डब्याशी संपर्क तुटला. यू-०१२१ म्हणजे एबीएसशी तुटला. यू-०१५५ म्हणजे डॅशबोर्डच्या मीटरशी तुटला.

आता यातली मेख बघा. यू-०१०० हा कोड "इंजिनचा डबा मेला" असं सांगत नाही. दुसरा कुठलातरी डबा सांगतोय की "मला त्याचा आवाज येत नाही." ग्रुप कॉलमध्ये एखाद्याचा आवाज बंद झाला तर माणूस गेला असं आपण म्हणत नाही. बॅटरी उतरली असेल, रेंज गेली असेल, नाहीतर मधेच कुणीतरी माईकजवळ मिक्सर लावला असेल. गाडीतही हीच तीन कारणं सापडतात: करंट नाही, वायर तुटली, किंवा कुणीतरी लाईनवर गोंधळ घालतोय. डबा खरंच जळाला असंही होतं, पण तो निष्कर्ष शेवटी काढायचा.

*आधी कोड वाचा, उडवू नका*

बरेच मेकॅनिक स्कॅनर लावला की पहिल्यांदा कोड 'क्लिअर' करतात. पुरावाच जातो. त्याला सांगा, "भाऊ, आधी सगळ्या डब्यांचे कोड दाखवा, मी फोटो काढतो." नुसतं इंजिन नाही, प्रत्येक डबा उघडून बघायला सांगा.

त्या फोटोत दोन गोष्टी शोधा. तक्रार कोण कोण करतंय आणि कुणाबद्दल करतंय? मीटर म्हणतो एबीएस ऐकू येत नाही, इंजिनही तेच म्हणतं, आणि स्कॅनरनं विचारल्यावर एबीएस स्वतः उत्तर देत नाही, तर संशय एबीएसच्या डब्यावर, त्याच्या फ्यूजवर आणि त्याच्याकडे जाणाऱ्या वायरीवर. तीनही डबे एकमेकांबद्दल तक्रार करत असतील आणि स्कॅनरला कुणीच उत्तर देत नसेल, तर मुख्य लाईनच बसली आहे. आणि सगळ्यांचे कोड असूनही आता सगळे नीट उत्तर देत असतील, तर कोड जुने असू शकतात. मागे कधी बॅटरी उतरली होती किंवा धक्का स्टार्ट केली होती, तेव्हाचे. स्कॅनर 'चालू' आणि 'जुना' कोड वेगळा दाखवतो. ते विचारून घ्या.

*बॅटरी आणि अर्थिंग*

इथं जास्त वेळ द्या, कारण अर्ध्याहून जास्त भानगड इथंच मिटते असं आमच्या ओळखीचे वायरिंगवाले सांगतात. व्होल्टेज पडलं की डबे अर्धवट जागे राहतात आणि एकमेकांवर आरोप करतात. एकाच वेळी पाच-सहा डब्यांचे यू कोड आले तर पहिला संशय बॅटरीवर घ्या.

काही शेकड्यांत मिळणारा डिजिटल मल्टिमीटर घ्या. विहिरीच्या मोटरच्या स्टार्टरसाठी तो बऱ्याच घरात असतोच. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. १२.२ म्हणजे जवळपास अर्धी उतरली. सेल्फ मारताना आकडा १० च्या खाली जायला लागला तर बॅटरी किंवा टर्मिनल संशयित. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या आसपास हवा.

मग अर्थिंग. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या मायनस खांबावर आणि दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरा, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर अर्थिंगची पट्टी गंजली आहे किंवा ढिली आहे. खत, फवारणीचं औषध, ओला भाजीपाला असं सगळं वाहून नेणाऱ्या गाडीत ही पट्टी लवकर खराब होते. पॉलिश पेपरनं घासा, नट कसा, वर थोडं ग्रीस लावा. खर्च जवळजवळ नाही.

त्यानंतर फ्यूज. जो डबा गप्प आहे त्याचा फ्यूज काढून बघा. नुसता डोळ्यानं नाही, मल्टिमीटरनं. फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठा फ्यूज घालू नका, तारेचा तुकडा तर अजिबात नाही. वायर जळेल.

*त्या दोन वायरी*

आता मुख्य काम. हे तुम्ही स्वतः करा किंवा मेकॅनिककडून समोर करून घ्या. स्कॅनर लावायचं सॉकेट स्टिअरिंगखाली असतं, त्यात १६ खाचा असतात. ६ नंबर आणि १४ नंबरच्या खाचेत या दोन वायरी येतात. बऱ्याच ट्रॅक्टर आणि मोठ्या वाहनांत गोल ९ खाचांचं सॉकेट असतं, तिथं 'सी' आणि 'डी' या खाचा.

चावी काढा, बॅटरीची मायनस काढा, पाच-दहा मिनिटं थांबा. मल्टिमीटर ओहमवर ठेवून ६ आणि १४ मध्ये मोजा. लाईनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. दोन्ही जोडलेले असतील तर मिळून ६० दिसतात. ६० च्या आसपास आकडा म्हणजे दोन्ही टोकांपर्यंत लाईन शाबूत. १२० आला तर एक टोक तुटलं, म्हणजे कुठंतरी वायर कापली गेलीय किंवा कपलर निघालाय. शून्याच्या जवळ आला तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्या. ४० आला तर कुणीतरी नको तिथं तिसरा रेझिस्टर लावलाय, बहुतेक बाहेरून बसवलेल्या एखाद्या डब्यानं. काही नव्या गाड्यांत सॉकेट आणि लाईन यांच्यामध्ये 'गेटवे' नावाचा आणखी एक डबा असतो, तिथं सॉकेटवर हा आकडा वेगळा येतो. मेकॅनिकला तेवढं विचारा.

मग बॅटरी जोडा, चावी ऑन करा. ६ नंबर आणि बॉडी यांच्यामध्ये अडीच व्होल्टपेक्षा थोडं जास्त, १४ नंबरवर अडीचपेक्षा थोडं कमी दिसायला हवं. दोघांची बेरीज पाचच्या आसपास. एका वायरीवर सरळ १२ दिसले तर ती प्लसच्या वायरीला टेकली. शून्य दिसले तर बॉडीला टेकली.

लाईन बसलीच असेल तर एकेक डब्याचा कपलर काढत जायचं आणि आकडा बघायचा. ज्याचा कपलर काढल्यावर बाकीचे बोलायला लागतात, गोंधळ घालणारा तोच, किंवा त्याच्याकडे जाणारी वायर. कपलर काढण्याआधी दर वेळी चावी बंद. पिवळ्या कपलरना हात लावू नका, ते एअरबॅगचे असतात.

बिघाड कधी येतो, कधी जातो, अशी तक्रार फार असते. चावी बंद करून पुन्हा लावली की तासभर गाडी ठीक. यामागे एक सोय आहे. एखाद्या डब्याचे निरोप सतत चुकायला लागले तर तो स्वतःच लाईनवरून बाजूला होतो, म्हणजे बाकीच्यांना त्रास नको. चावी फिरवली की पुन्हा येतो. अशा वेळी इंजिन चालू ठेवून वायरिंग हळूच हलवत जा. जिथं हलवल्यावर दिवा लागतो तिथं बघा. पण पंखा आणि पट्ट्यापासून हात लांब.

*वायर तुटते कुठं?*

कांदा चाळीशेजारी किंवा धान्याच्या पोत्यांजवळ उभी गाडी म्हणजे उंदरांना गरम घर. बॉनेट उघडून लेंडी किंवा कुरतडलेली टेप दिसली तर शोध तिथूनच सुरू करा. दुसरी जागा म्हणजे प्रेशरच्या पाण्यानं धुतलेले कपलर. आत हिरवट गंज दिसतो. नॉक्स सेन्सरची वायर तर खालीच असते, शेताच्या बांधावरून जाताना चिखल आणि दगड तिलाच लागतात. तिसरी जागा आपणच केलेली: फॉग लॅम्प, टेप किंवा जीपीएससाठी चालू वायर सोलून मारलेला जोड.

वेल्डिंगचंही सांगतो, कारण हे बरेच जण विसरतात. बॉडीवर किंवा हुकवर वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरीची मायनस काढा आणि वेल्डिंगची अर्थ जिथं काम आहे त्याच्या अगदी जवळ लावा. ट्रॅक्टरला ईसीएमचा कपलरही काढायला पुस्तकात सांगितलेलं असतं, ते बघा.

जोड मारताना नुसता पीळ देऊन टेप गुंडाळू नका. डाग द्या, वर स्लीव्ह चढवा. दोन्ही जोड एकाच जागी नको, थोडे मागेपुढे ठेवा. आणि दोन वायरींचा मूळ पीळ तसाच राहू द्या. तो पीळ शोभेचा नाही, आजूबाजूच्या वायरींचा गोंधळ त्यामुळेच बाहेर राहतो.

गाडी वॉरंटीत असेल तर वायर कापू नका, सील तोडू नका. कोडचे फोटो आणि मल्टिमीटरचे आकडे घेऊन सर्व्हिस सेंटरला जा आणि जॉब कार्डवर तक्रार लिहून घ्या: कधी होते, गरम असताना की थंड असताना, पावसात की धुतल्यावर. तरीही डबा बदलायचाच असं ते म्हणाले, तर बॅटरी, अर्थिंग आणि त्या ६० ओहमची तपासणी झाली का ते विचारा, आणि जुना डबा परत मागून घ्या.

कुणाच्या गाडीला सध्या असा त्रास असेल तर कोडचा फोटो आणि मोजलेले आकडे याच नंबरवर पाठवा. गाडीचं मॉडेल आणि साल लिहायला विसरू नका.