शिकार मोठी, ओझे त्याहून मोठे

काला अंबच्या मैदानावर मराठे शौर्यात कमी पडले नव्हते. मग कमी काय पडले? याचे उत्तर एखाद्या मुरलेल्या शिकाऱ्याच्या पाठपिशवीत सापडते.

दिल्लीपासून सुमारे ९० किलोमीटरवर पानिपत आणि शहराबाहेर थोड्या अंतरावर काला अंब. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडणाऱ्या या ठिकाणी आज एक स्मारकस्तंभ आणि बाग आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी झालेल्या पानिपतच्या तिसऱ्या लढाईची ही खूण. इथे आंब्याचे एक झाड होते आणि सांडलेल्या रक्तामुळे ते काळे पडले, असे लोक सांगतात. आंब्याची दाट पाने दुरून काळपटच दिसतात, त्यासाठी रक्ताची गरज नाही. पण दंतकथेचा एक तोटा असतो. ती ऐकून माणूस हळहळतो, 'दैव फिरले' म्हणतो आणि विचार करायचे सोडून देतो.

आपण या मोहिमेकडे शिकाऱ्याच्या नजरेने पाहू या.

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली आणि ते योग्यच झाले. अमेरिकेच्या पश्चिमेकडील कोलोरॅडो, वायोमिंग, मोंटाना या राज्यांत मात्र ठरलेल्या हंगामात, परवाना काढून एल्क नावाच्या मोठ्या हरणाची शिकार करता येते. पूर्ण वाढलेला नर साधारण ३०० किलोंचा असतो. डोंगर उंच, थंडी कडक आणि गाडीरस्ता मैलोन् मैल दूर. अशा ठिकाणी नेमबाजीपेक्षा तयारी महत्त्वाची ठरते.

आधी परतीची वाट

तिथला जाणता शिकारी बंदुकीचा चाप ओढण्यापूर्वी स्वतःला विचारतो, हे जनावर पडले तर मांस इथून न्यायचे कसे? एकट्याने ते गाडीपर्यंत आणायला अनेक खेपा लागतात. त्याची सोय नसेल तर समोर सावज उभे असूनही तो बंदूक खाली ठेवतो.

सदाशिवरावभाऊंनी ऑक्टोबर १७६० मध्ये दिल्लीच्या उत्तरेला जाऊन कुंजपुरा जिंकला. धान्य, पैसा आणि तोफा हाती आल्या. विजय खरा होता. पण त्याच महिन्याच्या अखेरीस अहमदशहा अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो मराठे व दिल्ली यांच्या मध्ये येऊन बसला. नदीचा हा उतार मराठ्यांनी राखलेला नव्हता. शिकारीला निघालेले सैन्य आता स्वतःच कोंडीत सापडले. अब्दालीची रसद तोडण्याचे काम ज्यांच्याकडे होते, ते गोविंदपंत बुंदेले डिसेंबरमध्ये मारले गेले. मराठ्यांच्या छावणीत घोडे उपाशी मरू लागले, मग माणसांची पाळी आली.

ओझे किती आणि कोणते?

पाठीवर काय घ्यायचे यापेक्षा काय घ्यायचे नाही, हे ठरवणे शिकाऱ्याला अवघड जाते. दुर्बीण, नकाशा, होकायंत्र, सुरी, पाणी, एक-दोन दिवसांचे अन्न एवढे हवेच. बाकीची प्रत्येक वस्तू चढावर दुप्पट जड होते.

भाऊंच्या सैन्याबरोबर हजारो बिनलढाऊ माणसे होती. सरदारांची कुटुंबे होती. मथुरा, कुरुक्षेत्र घडेल या आशेने निघालेले यात्रेकरूही होते. भरतपूरच्या सूरजमल जाटाने सल्ला दिला होता की, बायकामुले आणि जड सामान मागे सुरक्षित किल्ल्यांत ठेवा आणि हलके होऊन लढा. मल्हारराव होळकरांचाही कल गनिमी काव्याकडे होता. तो सल्ला मानला गेला नाही.

भाऊंची बाजूही समजून घ्यायला हवी. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला इब्राहिमखान गारदीच्या तोफखान्याने निजामाला नमवले होते. यश देणारे साधन सोडून द्यावे, असे कोणाला वाटेल? पण दख्खनमध्ये चाललेले साधन उत्तरेत चालेलच, असे नसते. या जड तोफा हलवायला वेळ लागे. उलट अब्दालीच्या उंटांवर हलक्या जंबुरक तोफा होत्या. उंट जाईल तिथे तोफ जात असे.

कपडे, ऊन आणि जमीन

एल्कच्या शिकारीला जाणारा सुती कपडे घरी ठेवतो. भिजलेले सूत ऊब देत नाही. लोकरीचे थर तो एकावर एक चढवतो, घाम येण्याआधी एक थर उतरवतो. नवे बूट महिनाभर आधी पायात मुरवतो. वारा नेहमी आपल्या तोंडावर राहील अशाच बाजूने सावजाकडे जातो, नाहीतर माणसाचा वास लागून ते कधीच पसार होते.

मराठे मार्चमध्ये दख्खनहून निघाले होते. पानिपतचा पौष काढायला पुरेसे गरम कपडे त्यांच्यापाशी नव्हते. अफगाण सैनिक थंड मुलखातले, कातडी कोट घालणारे. लढाईच्या दिवशी मराठ्यांचे तोंड दक्षिणेकडे होते. हिवाळ्यातला सूर्य दक्षिणेकडूनच कलत जातो, म्हणजे ऊन डोळ्यांवर.

एकदा ठरले की ठरले

शिकारी टोळीत कोणी कुठे थांबायचे, हे आधी ठरते. उतावीळपणे एकजण जरी जागेवरून हलला तरी डाव फसतो. भाऊंनी गोलाची रचना केली होती. कडेने तोफखाना आणि फौज, मध्ये कुटुंबे, आणि असेच सरकत कोंडी फोडायची. इब्राहिमखानाच्या तोफांनी सकाळी शत्रूची फळी खिळखिळी केली. पण विठ्ठल विंचूरकर आणि दमाजी गायकवाड यांची पथके गोल सोडून पुढे धावली आणि फळीला भगदाड पडले. दुपारनंतर विश्वासराव गोळी लागून पडले. अब्दालीने राखून ठेवलेली ताजी फौज नेमकी तेव्हा पुढे आली. मराठ्यांकडे अशी राखीव फौज नव्हती.

जे वाचले, त्यांतल्या अनेकांना सूरजमलनेच आसरा दिला. जखमी होऊन निसटलेल्या महादजी शिंद्यांच्या पुढाकाराने १७७१ मध्ये मराठे पुन्हा दिल्लीत आले. म्हणजे पराभव दैवाने लिहिलेला नव्हता. चुका माणसांच्या होत्या आणि त्या माणसांनाच सुधारता येत होत्या.

काला अंबला गेलात तर मुलांना झाडाची दंतकथा जरूर सांगा, पण तिथेच थांबू नका. ट्रेक असो, यात्रा असो की लांबचा प्रवास, निघण्यापूर्वी घरात चार प्रश्न विचारायची सवय लावा. परतायचे कसे? यातले काय मागे ठेवता येईल? तिथली हवा कशी आहे? बेत फसला तर हाताशी राखीव काय आहे? धाडस याच्यानंतर येते.