पेडर रोडचं हरिण, पालमचा हरभरा

दिवाळीच्या सुट्टीत पालमच्या घरी बहिणीची लेकरं जमली की रात्री जेवणं झाल्यावर सिनेमा मागतात. यंदा मी ठरवून एकाच ठिकाणाशी नातं असलेले पट दाखवले. मुंबईच्या पेडर रोडवरच्या फिल्म्स डिव्हिजनचं कार्टून फिल्म युनिट. मित्राचा प्रोजेक्टर आणला, ओसरीच्या भिंतीवर धुतलेली चादर ताणली. हे पट मी पूर्वी पाहिले होते आणि त्यांचा माझा क्रमही ठरलेला होता. तो त्या चार रात्रींत बदलला.

चित्रं हलवण्याची हौस आपल्याकडे जुनी. दादासाहेब फाळक्यांनी 1915 साली 'आगकाड्यांची मौज'मध्ये काड्या नाचवल्या, प्रभातने 1934 साली 'जंबू काका' काढला. पण ते एकेकट्याचे प्रयत्न. बसून शिकावं, पगारावर करावं असं ठिकाण 1956 साली उभं राहिलं. फिल्म्स डिव्हिजन 1948 पासून माहितीपट काढत होतीच. आता अमेरिकेच्या तांत्रिक साहाय्यातून क्लेअर वीक्स शिकवायला आले. मिशनरी आईबापांच्या पोटी भारतातच जन्मलेला हा माणूस डिस्नेच्या स्टुडिओत 'बॅम्बी'सारख्या पटांवर राबून आलेला. त्यांच्या हाताखाली तरुण राम मोहन तयार झाले, आणि 1930च्या दशकापासून कार्टूनपट करणारे जी. के. गोखलेही या युनिटात होते.

"मामा, चित्र हलायलं कसं?" भाच्यानं विचारलं. वहीच्या कोपऱ्यात पानोपानी चेंडू काढून, पानं भरभर सोडून दाखवलं. मग खरं काम सांगितलं. आधी कागदावर पेन्सिलीचं रेखाटन. ते पारदर्शक सेल्युलॉइडवर उतरवायचं, उलट्या बाजूनं रंग भरायचा. रंगवलेल्या देखाव्यावर तो सेल्युलॉइडचा ताव ठेवायचा आणि वर टांगलेल्या कॅमेऱ्यानं एकेक चौकट टिपायची. पडद्यावर सेकंदाला 24 चौकटी जातात. एकेक चित्र दोनदा टिपलं तरी सेकंदाला 12 चित्रं लागतात, मिनिटाला 720. दहा मिनिटांच्या पटाला सात हजारांवर. भाचा गप्प झाला आणि त्या रात्री त्यानं पहिल्यांदा पट संपल्यावरची नावं शेवटपर्यंत पाहिली.

युनिटाचा पहिला मोठा पट 1957चा, 'द बनियन डीअर'. माझ्या क्रमात तो तिसरा असे; डिस्नेचं शिकाऊ काम म्हणून मी त्याच्याकडे थोडं उंचावरूनच पाहत आलो होतो. हरणांच्या उड्यांत 'बॅम्बी'ची तालीम दिसते, हे खरं. पण माणसांच्या डोळ्यांची नि हातांची वळणं अजिंठ्याची आहेत, आणि गोष्ट तर निग्रोधमिग जातक या बौद्ध कथेतली. राजाच्या स्वयंपाकघरासाठी रोज एका हरणानं पाळीनं मरायचं. गाभण हरिणीची पाळी येते, तिचा नायक तिला परत पाठवतो, तेव्हा दुसऱ्या कळपाचा नायक तिच्याऐवजी स्वतः ठोकळ्यावर मान ठेवतो. राजा विरघळतो आणि सगळ्यांनाच अभय देतो.

भाची पुटपुटली, "हरणाला कामून मारायलेत?" मागे बाजेवर बसलेले आमचे शेतकरी आबा मात्र वेगळंच बोलले. "वचन राजानं दिलं. पण रान कुणाचं खाल्लं?"

पालम तालुक्यातल्या शेतकऱ्याला हा प्रश्न पुस्तकात शोधावा लागत नाही. नुकता उगवलेला हरभरा हरणांचा कळप एका रात्रीत खुडून जातो. म्हणून बांधाला जुन्या साड्या बांधलेल्या दिसतात. आबांना मी जातकातला पुढचा भाग सांगितला. अभय मिळालेली हरणं शेतात शिरतात, लोक राजाकडे गाऱ्हाणं नेतात, राजा वचन मोडत नाही. शेवटी हरणांचा नायकच आपल्या कळपाला बजावतो आणि लोकांना निरोप देतो, की शेताभोवती पानांची खूण बांधा, ती दिसली की आमचं कुणी आत येणार नाही. आबा ऐकत राहिले. "म्हणजे साडीच की," म्हणाले. त्या क्षणी हा पट माझ्या यादीत पहिला आला. ज्या गोष्टीवर सत्तरी ओलांडलेला शेतकरी आणि सात वर्षांची पोर एकाच ओसरीत हुज्जत घालतात, तिच्यासाठी हजारो चित्रं काढणं सार्थकी लागलं.

लेकरांचा पहिला नंबर 'एक, अनेक और एकता'चा, 1974चा. तो काटेकोरपणे युनिटाचा नाही. विजया मुळे यांनी तो सेंटर फॉर एज्युकेशनल टेक्नॉलॉजीसाठी केला. पण चित्रं भीमसेन यांची, आणि ते फिल्म्स डिव्हिजनमध्येच राम मोहन यांच्याजवळ शिकलेले. संगीत वसंत देसाईंचं, गाण्यात लहानग्या साधना सरगमचा आवाज. जाळ्यासकट उडणारी पाखरं तीनदा लावायला लागली. मी त्याला दुसरा ठेवतो, कारण त्यात उत्तर आधीच ठरलेलं आहे.

1958चा 'राधा अँड कृष्ण' मला फार आवडतो. लघुचित्रांवरून कॅमेरा असा फिरतो की स्थिर रंगांत श्वास येतो. भाचीला तो पटला नाही: "हलत नाही कामून?" तिचं म्हणणं मान्य करून तो तिसरा. आर. के. लक्ष्मण यांच्या कॉमन मॅनवरचा राम मोहन यांचा 1972चा, म्हणजे युनिट सोडल्यानंतरचा, 'यू सेड इट' राष्ट्रीय पुरस्काराचा मानकरी आहे. रेष उत्तम, पण तो मोठ्यांसाठीचा पट. ओसरीत निम्मी लेकरं झोपली होती.

राम मोहन साठच्या दशकाअखेर युनिट सोडून गेले, पुढे जपानी युगो साको यांच्या 'रामायण'चे सहदिग्दर्शक झाले, 2014 साली पद्मश्री, 2019 साली निधन. फिल्म्स डिव्हिजन 2022 साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीन झाली. त्याच आवारातल्या गुलशन महालात आज भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे.

या पटांपैकी बरेच आता इंटरनेटवर फुकट पाहता येतात. पालमच्या, गंगाखेडच्या, लोह्याच्या शिक्षकांना एवढीच विनंती, की एखाद्या शनिवारी वर्गाच्या भिंतीवर 'द बनियन डीअर' लावा. एका तासिकेत सहज बसतो. आणि तो संपला की लेकरांना पानांच्या खुणेची गोष्ट सांगायला विसरू नका. ती त्यांच्या बांधावरची आहे.