तेरची काच बघितलीत का?

लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानात 2019 साली डेल चिहुली यांची काचशिल्पं मांडली होती. झाडांमध्ये उभी केलेली रंगीत काच! त्या प्रदर्शनाचे फोटो आजही फिरतात. पण आपल्या धाराशिव जिल्ह्यातली काच त्याहून कितीतरी जुनी आहे. तेरणेकाठच्या तेरला, म्हणजे प्राचीन तगरला, उत्खननात काचेचे मणी सापडलेत. सातवाहनांच्या काळात हे भरभराटीचं व्यापारी गाव होतं.

'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासग्रंथात तगरचं नाव येतं. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर. इथलं कापड गाड्यांतून भडोचला जायचं आणि त्याच भडोच बंदरात परदेशातून कच्ची काच उतरायची, असंही त्यात लिहिलंय. तेरच्या मण्यांत ती काच होती की नाही, हे सांगता येत नाही. पण काचेच्या व्यापाराशी आपला मुलूख जोडलेला होता, हे किती मोठं आहे!

त्या काळी मणी करायची एक रीत भारी होती. वितळलेल्या काचेची पोकळ नळी लांब ओढायची, तिचे बारीक तुकडे करायचे आणि पुन्हा तापवून कडा गोल करायच्या. निळ्या रंगासाठी कोबाल्ट, हिरव्यासाठी तांबं.

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात गेलात तर हस्तिदंती बाहुलीपाशी सगळे थांबतातच, थांबावंच. पण मण्यांपाशीही थांबा, अगदी जवळून बघा. आणि मुलांना नक्की न्या.