जुन्या भिंतीत थर्माकोलचे मणी भरावेत का?

मे महिना आला की बड्या फुहाऱ्याजवळच्या जुन्या घरांत वरच्या मजल्यावर बसवत नाही. मग परदेशातला मुलगा फोनवर सुचवतो, "बाबा, भिंतीत मणी भरून घ्या."

हे मणी थर्माकोलचेच. इंग्लंडात विसाव्या शतकात विटांच्या दोन भिंती आणि मध्ये साधारण 50 मिलिमीटर पोकळी, अशी घरं सर्रास बांधली गेली. बाहेरून भोकं पाडून, चिकट द्रव लावलेले मणी हवेच्या जोराने त्या पोकळीत भरतात. उष्णता अडवण्यात तेवढा थर जवळपास एक मीटर जाड विटांच्या भिंतीला भारी पडतो.

पण आधी पोकळी हवी ना! आपली जुनी भिंत सहसा भरीव, विटा-चुन्याची. खात्रीसाठी ड्रिलने सांध्यात एक बारीक भोक पाडा. बिट मध्येच झपकन आत गेलं तर पोकळी असू शकते. भुगा येतच राहिला तर भिंत भरीव.

पोकळी निघालीच, तर आधी ओल थांबवा. वायरिंगही तपासा, थर्माकोलला टेकलेली पीव्हीसी वायर कालांतराने ठिसूळ होते. आणि भरलेले मणी परत काढणं फार अवघड.

भिंत भरीव असेल तर पैसा छतावर लावा. उन्हाळ्यात दुपारी सूर्य इथे जवळजवळ डोक्यावर असतो; सगळ्यात जास्त ऊन गच्चीच खाते. तिला पांढरा चुना द्या, पश्चिमेच्या खिडक्यांवर बाहेरून सावली करा. आधी टेहळणी, मग खर्च.