मधुमेही माणूस ‘वेडा’ कसा ठरतो?

लंडन, २० जानेवारी १८४३. डॅनियल मॅकनॉटन या स्कॉटिश कारागिराने एडवर्ड ड्रमंड यांना गोळी घातली. हे पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे सचिव. मॅकनॉटन त्यांनाच पील समजला, असे मानतात. टोरी पक्ष आपल्या जिवावर उठलाय, असा त्याला भ्रम होता. डॉक्टरांच्या साक्षी ऐकून ज्यूरीने त्याला वेडाच्या कारणावरून निर्दोष ठरवले. लोक खवळले, राणी व्हिक्टोरियासुद्धा. मग न्यायाधीशांनी कसोटी घालून दिली: ‘मनाच्या आजारा’मुळे आपण काय करतोय, किंवा ते चूक आहे, हे आरोपीला कळत नव्हते का? (२०२४ पर्यंत लागू असलेल्या आपल्या दंडसंहितेचे कलम ८४ याच वळणाचे होते.)

इंग्लंडमध्ये ही कसोटी आजही चालते. पण ‘मनाचा आजार’ कशाला म्हणायचे, हे डॉक्टर नव्हे, कोर्ट ठरवते. १९७३ च्या क्विक खटल्यात इन्सुलिन घेतल्यावर आरोपीची साखर फार उतरली होती. कारण बाहेरचे, म्हणून तो वेडा नाही. १९८९ च्या हेनेसी खटल्यात इन्सुलिन न घेतल्याने साखर चढली. कारण शरीरातलेच, म्हणून कायद्याने वेडा! दोघांनाही मधुमेहच. शरीरशास्त्र शिकलेल्या कुणालाही ही फाळणी पटणे अवघड आहे.

न्यायाधीशांचा हा निर्णय ऐकल्यावर हेनेसीने गुन्हाच कबूल केला.